‘यात डोकं लागतं कुठे?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकन फुटबॉलच्या नियमांवर लिहिलेल्या माझ्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे: ‘पाच सेकंद एकमेकांवर आदळायचं आणि मग मिनिटभर उभं राहायचं, यात डोकं लागतं कुठे? एवढं चिलखत घालूनही मेंदूला मार बसतोच. निम्मा वेळ जाहिराती. मापं सगळी यार्डात. तिकडे गेलेल्यांना तिथलं सगळंच थोर वाटतं.’ उत्तर खालीच देणार होतो, पण लांबलं, म्हणून इथे.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खेळाबद्दल नाहीच, माझ्याबद्दल आहे. मी सांगलीकडे वाढलो, कॉलेज संपेपर्यंत कबड्डी खेळलो. अमेरिकेत ओहायोत आल्यावर टीव्हीवर हा खेळ लागला की मी उठून जात असे. पुढे मुलगा शाळेच्या संघात गेला, शुक्रवारी रात्री मैदानावर जाणं आलं आणि स्वयंसेवक कमी पडले म्हणून माझ्या हातात साखळीचा खांब आला. तिथे उभं राहून मी हा खेळ शिकलो, कुणाला भारावून नाही. मत खुशाल मांडा, पण त्यासाठी लिहिणाऱ्याची लायकी काढायचं कारण नाही.

आता डोक्याचं. ती साखळी बरोबर 10 यार्डांची असते, दोन्ही टोकांना खांब. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, तेवढं पुढे जायचं असतं. गेला की पुन्हा चार डाउन. मागचा खांब पहिल्या डाउनच्या जागी रोवलेला आणि साखळीवर एक क्लिप, मैदानावर आखलेल्या जवळच्या पाच यार्डांच्या रेषेवर लावलेली. पंचांनी खूण केली की खांब उचलून आत धावायचं, क्लिप त्याच रेषेवर टेकवायची आणि साखळी ताणायची. चेंडूचं टोक पुढच्या खांबाला बोटभर कमी पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. एनएफएलने, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगने, 2025 पासून ही मोजणी कॅमेऱ्यांवर सोपवली. शाळेच्या मैदानावर अजून साखळीच ताणतात.

चौथा डाउन आहे आणि दोन यार्ड उरलेत, असं समजा. पंट मारून चेंडू लांब धाडायचा आणि समोरच्यांना त्यांच्या गोलजवळून सुरुवात करायला लावायची? तीन गुणांसाठी गोलच्या खांबांमधून किक मारायची? की दोन यार्डांसाठी अंगावर घ्यायचं? फसलं तर चेंडू तिथल्या तिथे दुसऱ्या संघाचा. वारा कुठून आहे, घड्याळात किती उरलंय, किकर किती लांबून मारू शकतो, हे सगळं त्या काही सेकंदांत तोलायचं असतं.

आणि ज्याला तुम्ही ‘उभं राहणं’ म्हणता, ते 40 सेकंदांचं घड्याळ आहे. व्यावसायिक सामन्यात प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या रेडिओवर डाव सांगतो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. तिथून पुढे क्वार्टरबॅकचा तो एकट्याचा हिशोब. डाव जिथून सुरू होतो त्या रेषेवर आक्रमणाचे किमान सात खेळाडू हवेत, आणि त्यांतल्या साधारणपणे दोन टोकांच्याच दोघांना पुढे फेकलेला पास झेलता येतो. बाकीचे झेलकरी रेषेच्या मागचे. समोरचे अकरा जण ही मांडणी वाचून जागा बदलतात, ते बघून क्वार्टरबॅक ओरडून डावच बदलतो. पाच सेकंदांची धडक या सगळ्याच्या नंतर येते.

हे थांबणंसुद्धा कुणी उगाच घातलेलं नाही. 1881 साली प्रिन्स्टन आणि येल या विद्यापीठांच्या सामन्यात एका संघाने पूर्वार्धभर चेंडू धरून ठेवला, दुसऱ्याने उत्तरार्धभर. सामना शून्य-शून्य. प्रेक्षक कावले. म्हणून 1882 मध्ये येलचा खेळाडू वॉल्टर कॅम्पच्या पुढाकाराने नियम आला: तीन डाउनमध्ये पाच यार्ड जा, नाहीतर चेंडू सोडा. 1906 मध्ये अंतर दहा यार्ड झालं आणि पुढे पास फेकायला परवानगी मिळाली. 1912 मध्ये डाउन चार झाले. खेळ रेंगाळू नये म्हणून जे केलं, त्यालाच तुम्ही रेंगाळणं म्हणताय.

जाहिरातींबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. घड्याळाने 60 मिनिटांचा सामना टीव्हीवर तीन तासांच्या वर जातो. टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) झाल्यावर जाहिराती, किकऑफ (लाथेने चेंडू धाडून पुन्हा सुरुवात), लगेच परत जाहिराती, याचा मलाही वैताग येतो.

यार्डांचं काय घेऊन बसलात? क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची आहे, तिथे कुणी मीटर मागत नाही. इथे 100 यार्डांचं मैदान आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे एंड झोन, म्हणजे टचडाउनचे पट्टे. संपलं.

राहिला मेंदूचा मुद्दा. तो मोठा आहे, त्यावर वेगळं लिहीन. हेल्मेट 1943 पासून एनएफएलमध्ये सक्तीचं आहे आणि 2018 पासून डोकं खाली घालून हेल्मेटने धडक दिली तर 15 यार्डांचा दंड बसतो, एवढं नोंदवून ठेवतो. मुलाचं हेल्मेट दर सामन्याआधी मी स्वतः हलवून बघत असे. त्याच्याबरोबर कपाळाची कातडी हलली तर ते घट्ट बसलंय; नुसतं हेल्मेटच फिरलं तर गालाच्या गाद्या बदलायच्या. तेव्हा मला या धोक्याचं काही वाटत नाही, असं सुचवलेलं मी ऐकून घेणार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, राहू दे. फक्त पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून लिहा. चार डाउन म्हणजे काय, हे त्यात पहिल्याच परिच्छेदात आहे.