प्रतिक्रियेला उत्तर : रॅप्टर आणि ‘मनाचा खेळ’

रॅप्टर ही वेस्टर्न डिजिटल कंपनीची जुनी हार्ड डिस्क, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांची (दहा हजार आरपीएमची). तिच्यावरच्या माझ्या लेखाला काल एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही. ती अशी : “स्वतः न वापरता, स्पेसिफिकेशन वाचून लिहिलेला लेख. ७२०० आरपीएमच्या नव्या ड्राइव्हही तेवढाच ट्रान्सफर रेट (सेकंदाला वाचला जाणारा डेटा) देत होत्या, त्यामुळे वेग जाणवणं हा निव्वळ मनाचा खेळ. एका जीबीमागे कितीतरी जास्त पैसे, वर आवाज. त्यापेक्षा दोन साध्या ड्राइव्ह रेड झीरोमध्ये (डेटा दोन्हींवर वाटून) लावाव्यात. काच लावलेली शोभेची वस्तू होती ती. आज एसएसडीच्या (चकतीऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) जमान्यात हे कौतुक कशाला? जरा अभ्यास करून लिहीत जा.”

मतभेदाला माझी कधीच हरकत नसते. पण ‘अभ्यास करून लिहीत जा’ हा सूर मला मान्य नाही. समोरचा माणूस कोण, त्याने काय काम केलंय याची चौकशी न करता, आणि स्वतःचं नावही न सांगता, तुम्ही मला गृहपाठ न केलेल्या पोराच्या रांगेत उभं करता. हेच तुम्ही दुकानात माझ्यासमोर उभं राहून बोलला असतात का?

‘स्वतः न वापरता’ म्हणता, तर ऐका. पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या आसपास मशीन असेंबल करून मी घर चालवलं आहे. कॅबिनेट, एसएमपीएस, मदरबोर्ड, सगळं हातातून गेलेलं. तेव्हा रॅप्टर पुण्यात कोणी स्टॉकला ठेवत नसे. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सांगून ठेवावी लागे. माझं एक गिऱ्हाईक घरच्या घरी ध्वनिमुद्रणाचं काम करायचं. गाण्याचे बरेच ट्रॅक एकाच वेळी वाजवले की सॉफ्टवेअर अडखळायचं. रॅम वाढवली, साउंड कार्ड बदललं, फॉरमॅट मारला. काही उपयोग झाला नाही. मग ७४ जीबीची रॅप्टर लावून प्रोजेक्ट तिच्यावर हलवला आणि अडखळणं थांबलं. प्रोसेसर तोच, रॅम तीच. त्या माणसाला आरपीएम म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. त्याच्या मनाने कसला खेळ केला असेल?

आता तुमच्या त्या ट्रान्सफर रेटबद्दल. तो मोजला जातो सलग वाचताना. एक मोठी फाइल, फिरत्या चकतीवर डेटा वाचणारं हेड एका जागेवरून हळूहळू पुढे सरकतंय, चकतीवर डेटा जितका दाट तितका आकडा मोठा. २००६ मध्ये ७२०० च्या ड्राइव्हमध्ये परपेंडिक्युलर रेकॉर्डिंग, म्हणजे डेटा जास्त दाट लिहिण्याची पद्धत आली, घनता वाढली आणि ट्रान्सफर रेटमध्ये या ड्राइव्ह रॅप्टरच्या जवळ पोचल्या. हे मी नाकारलेलं नाही. पण विंडोज सुरू होताना, गेमची लेव्हल लोड होताना, त्या गाण्याचे ट्रॅक वाजताना सलग काही वाचलं जात नाही. इथून थोडं, तिथून थोडं. प्रत्येक वेळी हेडला चकतीवरच्या योग्य वर्तुळावर जायचं असतं आणि मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबायचं असतं. ७२०० च्या ड्राइव्हची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, म्हणजे सरासरी थांबणं ४.१७. दहा हजारवाल्या ड्राइव्हची फेरी ६ मिलिसेकंदांची, थांबणं ३. त्यात हेडचा प्रवास मिळवा : रॅप्टरला साधारण साडेचार-पाच, साध्या ड्राइव्हला आठ-नऊ. एका बाजूला आठच्या आसपास, दुसऱ्या बाजूला तेरा. हे हजारो वेळा होतं. ड्राइव्हचा वेग मोजणाऱ्या एचडी ट्यून या सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सफर रेटच्या खालीच अ‍ॅक्सेस टाइमचा, म्हणजे या प्रवास अधिक थांबण्याच्या वेळेचा आकडा दिसतो. तुमची नजर तिथपर्यंत गेलेली दिसत नाही.

आणि हे गणित वेस्टर्न डिजिटललाही नीट कळत होतं. २००८ मध्ये आलेल्या व्हेलोसिरॅप्टरचं, म्हणजे रॅप्टरच्या पुढच्या पिढीचं यंत्र अडीच इंची होतं, उष्णता बाहेर टाकणाऱ्या साडेतीन इंची हीटसिंकच्या चौकटीत बसवलेलं. चकती लहान केली की हेडचा प्रवास कमी होतो आणि ती फिरवायला ताकदही कमी लागते. क्षमता गेली तरी चालेल, वेळ वाचला पाहिजे, असा सरळ निर्णय होता तो. डेस्कटॉपसाठी असा निर्णय घ्यायला धाडस लागतं, आणि मला त्याचंच कौतुक वाटतं.

आवाजाचा मुद्दा बरोबर आहे. हेड हलताना खरखर यायची, रात्री शांत खोलीत तर चांगलीच. रबरी वॉशर लावूनही ती पूर्ण जात नसे.

काच फक्त रॅप्टर एक्स या २००६ च्या मॉडेलला होती. तीच १५० जीबीची ड्राइव्ह बिनकाचेचीही मिळायची. एका मॉडेलवरून सगळ्या ड्राइव्हला शोभेची वस्तू ठरवणाऱ्याने मला अभ्यास शिकवू नये. किमतीचं म्हणाल, तर ज्याला सिनेमे साठवायचेत त्याच्यासाठी ती नव्हतीच, विषय संपला. रेड झीरोबद्दल इथे वाद घालत बसत नाही. दोन ड्राइव्ह जोडल्याने एका ड्राइव्हचं हेड लवकर पोचत नाही, एवढंच सांगतो.

एसएसडीचा उल्लेख तुम्ही माझ्याविरुद्ध केलात, याचं मात्र खरंच आश्चर्य वाटलं. एसएसडी लावल्यावर जुनं मशीनसुद्धा चटकन उघडतं, ते कशामुळे? हेड नाही, फेरी नाही, थांबणं नाही. अ‍ॅक्सेस टाइम मिलिसेकंदाच्याही खाली जातो. म्हणजे वाट बघण्याचा वेळ कमी केला की माणसाला फरक जाणवतो, हेच ना? इंटेलची एक्स२५-एम ही एसएसडी २००८ च्या सप्टेंबरात आली. पहिली ३६ जीबीची रॅप्टर २००३ ची. मधली पाच वर्षं घरच्या मशीनमध्ये साटावर, म्हणजे ड्राइव्हच्या नेहमीच्या जोडणीवर, तो वेळ कमी करण्याचा तिच्याइतका चांगला आणि सहज मिळणारा मार्ग क्वचितच दुसरा होता. सर्व्हरमध्ये वापरतात त्या स्कझी जोडणीच्या पंधरा हजारवाल्या ड्राइव्ह होत्या, पण त्यांना वेगळं कंट्रोलर कार्ड घ्या, केबल शोधा, हे घरी कोण करणार होतं?

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा. कोणती ७२०० ची ड्राइव्ह, कोणत्या मशीनवर, सिस्टिम त्याच ड्राइव्हवर होती की वेगळ्या, आणि अ‍ॅक्सेस टाइम किती आला, हे सगळं त्यात असू द्या. अशी प्रतिक्रिया मी पूर्ण वाचीन आणि पूर्ण उत्तर देईन. नुसता उपदेश असेल तर ती मी इथे ठेवणार नाही.