बाळाचं रक्त आणि आईवरचा ठपका

परळच्या एका रुग्णालयात मावसबहिणीच्या सात महिन्यांच्या लेकीला रक्त चढत होतं. तिला डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी पुरेशा न बनण्याचा जन्मजात आजार. इवल्याशा हाताला फळी बांधलेली. तिच्या आजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "तू शिकलेली आहेस, वाच." बहीण शेजारीच मान खाली घालून बसली होती.

मेसेज असा: 'बाळाला रक्त होत नाही, कारण आईने गरोदरपणात नीट खाल्लं नाही. रायबोसोम बिघडला तरी पेशीला कळत नाही. बीट, खजूर, लोहाचं टॉनिक द्या, रायबोसोम दुरुस्त होतो.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हा दोनदा येऊन गेलाय.

पेशीला कळत नाही, हे साफ खोटं. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र. माणसात ते चार आरएनए आणि सुमारे 80 प्रथिनं जुळून तयार होतं. त्यातलं एखादं कमी पडलं की जुळणी अडते. मग आरपीएल 5 आणि आरपीएल 11 ही रायबोसोमची दोन प्रथिनं आणि त्याचाच 5 एस आरएनए, हे त्रिकूट रायबोसोममध्ये न बसता मोकळं राहतं आणि एमडीएम 2 नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. एमडीएम 2 एरवी पी 53 ला, म्हणजे बिघाड झाल्यास पेशीची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाला, सतत संपवत असतं. ते असं अडकलं की पी 53 साठतं, पेशीची वाढ थांबते, कधी पेशी मरते. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमियात तांबड्या पेशी तयार होण्याआधीच मरतात, त्यात या इशाऱ्याचाही हात असतो. शिवाय रायबोसोम अपुरे असल्याने तांबड्या पेशी घडवणारं जीएटीए 1 प्रथिनही कमी बनतं.

आईच्या खाण्याचा इथे काही संबंध नाही. दोष जनुकात असतो. आरपीएस 19 हे रायबोसोमच्या एका प्रथिनाचं जनुक त्यात सर्वांत आधी, 1999 मध्ये सापडलं. कित्येकदा आईवडील दोघांतही हा दोष नसतो, तो बाळातच नव्याने येतो.

मला सर्वांत भीती वाटते ती टॉनिकची. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांच्या यकृतात, हृदयात ते साठतं, म्हणून ते काढायची औषधं द्यावी लागतात. अशा बाळाला वरून लोह पाजणं म्हणजे घात. लोह कमी असल्याने होणारा ॲनिमिया वेगळा, तिथे तपासणी करून टॉनिक देतातच. इथे उपचार आहेत ते रक्त, स्टेरॉइड आणि काहींना बोनमॅरो प्रत्यारोपण.

रक्त संपायला तीन वाजले. तोवर आजींनी पिशवीतून टॉनिकची बाटली काढून माझ्या हातात दिली होती, आणि सुनेला म्हणाल्या, "तू आधी दोन घास खाऊन घे, मी बसते हिच्यापाशी."