स्टायलस पडला तर चुंबक फिरवा? थांबा जरा

स्टायलस, म्हणजे फोनच्या स्क्रीनवर लिहायचा पेन, पडला, चेंगरला, भिजला की काय करायचं याचा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मला आठवडाभरात तिघांनी पाठवला, त्यातला एक माझा मावसभाऊ, ज्याचा फोन नुकताच पेनासकट जमिनीवर आपटला होता. मेसेज थोडक्यात असा: पेनाचं चार्जिंग उतरलेलं असतं म्हणून आधी रात्रभर फोनमध्ये घालून ठेवा. नाही चालला तर टोकावर चुंबक फिरवा, 'चुंबकशक्ती' परत येते. टोक पॉलिश पेपरवर घासा. भिजला असेल तर २४ तास तांदळात पुरा. तरीही नाही तर फोन फॅक्टरी रीसेट मारा. बोटाने टच चालतोय म्हणजे फोन ठणठणीत, दोष पेनाचाच, मग कुठलाही दुसरा पेन घ्या, सगळे सारखेच. आणि खाली अर्थातच 'जास्तीत जास्त शेअर करा'.

सात सल्ले आणि त्यातला एक अर्धा बरोबर. त्या अर्ध्यापासूनच सुरू करू.

'चार्जिंग उतरलं असेल.' फोनमध्ये आत सरकवायचे जे पेन असतात, म्हणजे सॅमसंगचे नोट आणि नंतरचे अल्ट्रा फोन, त्यांचा एस पेन लिहिण्यासाठी बॅटरी वापरतच नाही. २०११ च्या पहिल्या गॅलेक्सी नोटपासून हेच आहे. तंत्र वॅकॉम नावाच्या कंपनीचं, नाव ईएमआर (इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेझोनन्स). स्क्रीनच्या खाली डिजिटायझर नावाची एक पातळ शीट असते, तिच्यातली बारीक कॉइलची जाळी चुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातली कॉइल ते पकडते आणि तेवढ्याच ऊर्जेवर आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने उत्तर देते. सतारीच्या तरफेच्या तारा न छेडता झंकारतात ना, तसंच काहीसं. मग चार्जिंग कशासाठी? तर २०१८ च्या नोट ९ पासून पेनात ब्लूटूथ आलं, लांबून बटण दाबून फोटो काढायला, आणि फक्त त्यासाठी वीज लागते. त्या पेनात तर बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे झटपट भरणारा छोटा वीजसाठा होता, ४० सेकंदात भरायचा. म्हणजे पेन लिहितोय पण लांबून फोटो काढत नाहीये, तर खुशाल चार्ज करा, सेटिंगमध्ये एस पेन रीसेटचा पर्याय असतो तोही करा. पण लिहीतच नसेल तर रात्रभर काय, महिनाभर आत ठेवला तरी फरक पडणार नाही. २०२५ च्या एस २५ अल्ट्राच्या पेनात तर ब्लूटूथच काढून टाकलंय, तिथे चार्ज करायला काही उरलेलंच नाही. या सल्ल्याला मी अर्धा बरोबर म्हणतो ते यासाठी की काही दुसऱ्या कंपन्यांचे पेन खरोखरच बॅटरीवर लिहितात, त्यांचं चार्जिंग उतरलं तर ते गप्पच होतात.

आता चुंबक. हा सल्ला वाचून मी खरंच कपाळावर हात मारला. पेनात कायमचं साठवलेलं चुंबकत्व वगैरे काही नसतं जे आपटल्यावर सांडेल. उलट चुंबक हा या तंत्राचा शत्रू, फोनजवळ चुंबक असला तर एस पेन नीट चालणार नाही असा इशारा सॅमसंग स्वतःच देतं. पडल्यावर आत बिघडतं ते वेगळंच. कॉइलच्या मधोमध फेराइटची एक बारीक करडी कांडी असते, सिरॅमिकसारखी ठिसूळ, खडू कसा पडला की तुटतो तशीच तुटते. कॉइलची फ्रिक्वेन्सी या कांडीवर अवलंबून असते आणि टोकावर तुम्ही किती दाब देताय हे मोजायची यंत्रणासुद्धा तिथेच लागून असते. कांडीला तडा गेला की सूर बिघडला.

माझा एक जुना पेन खुर्चीच्या चाकाखाली आला होता. बाहेरून बघाल तर फक्त एक पांढुरका ओरखडा. टोक स्क्रीनपासून साधारण सेंटीमीटरभर वर धरलं की टिंब दिसायचं, म्हणजे फोनला पेन कळतोय, पण लिहायला गेलं की काही नाही, आणि जीव खाऊन दाबलं की एकदम जाडजूड रेघ. शेवटी उघडला तर करड्या कांडीचे दोन तुकडे आणि पांढऱ्या प्लॅस्टिकवर करडी भुकटी. आता त्यावर चुंबक फिरवून मी काय सांधणार होतो?

पण ते टिंब महत्त्वाचं आहे, कुठलाही उपाय करायच्या आधी तेच बघा. टिंब दिसतंच नाही: पेनातली कॉइल गेली किंवा फोनची शीट, आणि तसलाच दुसरा पेन मिनिटभर लावून बघितला की कुणाचा दोष ते कळतं. टिंब दिसतंय पण रेघ उमटत नाही: टोक किंवा दाबाची यंत्रणा. टेकवायच्या आधीच रेघ उमटतेय: टोक आत रुतून बसलंय किंवा आतला सेन्सर दाबलेल्या अवस्थेत अडकलाय. टोक रुतलंय की सेन्सर अडकलाय हे बघायचं तर चिमट्याने टोक उपसून काढा आणि बिनटोकाचा पेन स्क्रीनवर नुसता अधांतरी फिरवा (टेकवू नका, काचेवर ओरखडे येतील). टोक नसताना फक्त टिंब दिसायला हवं. तरीही रेघ उमटत असेल तर आतलं यंत्रच अडकलंय, नवं टोक घालून उपयोग नाही. मला तरी या सगळ्या भानगडीत एवढी एकच चाचणी खरी कामाची वाटते, आणि मेसेजमध्ये नेमका तिचाच पत्ता नाही.

यावरून पॉलिश पेपर आठवला. टोक घासू नका हो. ते बदलण्यासाठीच असतं, खेचलं की निघतं, नवं सरकवलं की बसतं. घासून ते आखूड झालं की आतल्या दाबाच्या यंत्रणेपर्यंत नीट पोचत नाही, म्हणजे चांगल्या पेनाला तुम्ही स्वतःच 'टिंब दिसतंय पण लिहीत नाही' करून ठेवता. शिवाय पेपरचा एखादा कण टोकात रुतून बसला की पुढची प्रत्येक रेघ स्क्रीनवर कोरली जाते.

तांदळाबद्दल काय बोलायचं. ॲपलने २०२४ मध्ये स्वतःच्या मदतीच्या पानावर भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका, कण आत जातात, असं स्वच्छ लिहून टाकलं तरी तांदूळ काही जात नाही. पेन पुसा, टोक खाली करून झटका, उघड्यावर वाळू द्या, आणि ओला पेन फोनच्या खाचेत घालू नका बस. आयपी ६८ (पाणी आणि धूळ आत न जाण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून निर्धास्त राहायचं तर तेही तडा न गेलेल्या पेनापुरतंच.

फॅक्टरी रीसेटने तुटलेला फेराइट जुळत नाही, फोटो मात्र जातात. सॉफ्टवेअरचा संशय असेल तर फोन रीस्टार्ट करा, मग सेफ मोडमध्ये, म्हणजे तुम्ही टाकलेली ॲप बंद ठेवून, लिहून बघा. सेफ मोडमध्ये चालला तर एखादं ॲप नडतंय. तिथेही नाही चालला तर रीसेटच्या फंदात पडण्याआधी बाकी चाचण्या करा.

'बोटाने टच चालतोय म्हणजे फोन ठणठणीत' हा सगळ्यात फसवा मुद्दा, कारण ऐकायला अगदी बरोबर वाटतो. बोट ओळखणारा थर वेगळा आणि पेन ओळखणारी शीट वेगळी, ती डिस्प्लेच्या मागे असते. एक शाबूत राहून दुसरी जाऊ शकते. स्क्रीन बदलून आणल्यानंतर बोट मजेत चालतं आणि पेन मेलेला, असं होतं तेव्हा पहिला संशय याच शीटवर किंवा तिच्या न बसलेल्या कनेक्टरवर घ्यायचा. तपासायचं कसं तर नोट्सचं कोरं पान उघडा, पूर्ण स्क्रीनवर तिरक्या रेघा मारा, सावकाश, जवळजवळ. रेघ दर वेळी त्याच जागी तुटत असेल तर दोष पेनाचा नाही. कुठेही, कशीही तुटत असेल तर पेनाचा.

मावसभावाला मी हेच करायला सांगितलं. त्याने फोटो पाठवला: उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीचा पट्टा आणि त्यात एकही रेघ नाही. मी म्हटलं अरे, शीट गेली वाटतं. मग पुन्हा फोटो बघितला तर फोनला फ्लिप कव्हर. "हे कधी घेतलंस?" "दादा, पडल्यावर लगेच, म्हटलं आता तरी जपू." "झाकण बंद होताना चिकटतं का?" "हो, एकदम घट्ट." झाकणात चुंबक. कव्हर काढायला लावलं, पुन्हा रेघा मारल्या, पट्टा गायब.

राहिला 'सगळे पेन सारखेच'. रबरी किंवा चकतीच्या टोकाचा साधा स्टायलस म्हणजे निव्वळ बोटाची नक्कल, तो हाताशी विजेने जोडलेला असावा लागतो, म्हणून त्याचं रबर फाटलं किंवा पकडायच्या जागी टेप गुंडाळली की तो बंद. ईएमआरचा पेन त्या डिजिटायझर शीटशिवाय निरुपयोगी. बॅटरीवाले बहुतेक आपापल्या ठरलेल्या फोनशीच बोलतात. आणि ईएमआरमध्येही सगळं एक नाही: २०२१ च्या झेड फोल्ड ३ साठी मुद्दाम वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा, मऊ टोकाचा पेन काढला होता, साधा एस पेन त्या घडीच्या स्क्रीनवर वापरू नका असं सांगून.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, ती म्हणजे फोनमधली खाच. वाकलेला पेन जोर लावून आत ढकलू नका, तो तिथेच अडकतो. २०१५ च्या नोट ५ मध्ये तर पेन उलटा आत गेला की पेन आत आहे की बाहेर हे ओळखणारी यंत्रणाच मोडू शकायची, त्यावर तेव्हा बराच गदारोळ झाला होता. तुकडा आत राहिला असेल तर सुई घालून कोरत बसण्यापेक्षा फोन उघडणाऱ्याकडे द्या.

तर मावसभावाचा पेन आता सगळ्या स्क्रीनवर चालतो. फक्त रेघ जरा दाबल्याशिवाय उमटत नाही म्हणाला. विचारलं तर कळलं, मला फोन करायच्या आदल्या रात्री पठ्ठ्याने टोक पॉलिश पेपरवर चांगलं दहा मिनिटं घासलं होतं. नवी टोकं मागवलीयेत.