छाटणीनंतर गळणारे पाणी वेलीचे रक्त नव्हे

द्राक्षाची छाटणी सुरू झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. छाटलेल्या काडीतून टपकणारे पाणी म्हणजे वेलीचे रक्त, असे त्यात म्हटलेले असते. त्यातून साठवलेले अन्न वाहून जाते आणि डोळे (काडीवरच्या कळ्या) नीट फुटत नाहीत. वेलीचे खोड बारीक, म्हणून तिला हा तोटा सोसत नाही. तेव्हा प्रत्येक काप पेस्टने लगेच बंद करा. यातले बहुतेक चुकीचे आहे, आणि ते खरे मानून बागायतदार मजुरी व औषधावर पैसे घालवतात.

अन्नापासून सुरुवात करू. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली उतरते, तर मुळांनी घेतलेले पाणी लाकडातल्या नळ्यांतून वर चढते. याचा पुरावा आपल्याच बागेत आहे. मण्यांची फुगवण वाढावी म्हणून गर्डलिंग करताना सालीचा काही मिलिमीटर रुंदीचा पट्टा गोल काढतात. खाली जाणारे अन्न अडते, पण वरची पाने सुकत नाहीत, कारण लाकडातली वाट शाबूत असते. छाटणीनंतर टपकते ते या लाकडातले पाणी. त्यात थोडे क्षार, अमिनो आम्ले आणि किंचित साखर असते, बाकी सगळे पाणीच. जोमदार वेलीतून लिटरच्या हिशेबात पाणी गेले, तरी अन्नाचा साठा रिकामा होत नाही. तो साठा मुळांच्या आणि खोडाच्या जिवंत पेशींत स्टार्चच्या रूपात असतो.

मग पाणी वर ढकलते कोण? मुळे. ती क्षार आत ओढून घेतात, त्यांच्यामागे जमिनीतले पाणी आत शिरते आणि नळ्यांत दाब तयार होतो. इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी छाटलेल्या द्राक्षवेलीला काचेच्या नळ्या जोडून हा दाब मोजला होता. नळीत रस 20 फुटांहून वर चढला. हे प्रयोग 1727 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे टपकणारी वेल आजारी नसते. तिची मुळे चालू आहेत आणि जमिनीत ओल आहे, एवढेच ती सांगत असते. या दाबाचा वेलीला फायदाही आहे: नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकले असतील, तर ते विरघळून त्या पुन्हा पाण्याने भरतात. पाने उघडली की पाणी ओढण्याचे काम पाने करू लागतात, दाब ओसरतो आणि टपकणे आपोआप थांबते.

बारीक खोडाचा मुद्दा तर उलटाच आहे. झाडाला स्वतःचे ओझे पेलायचे असते, म्हणून त्याच्या लाकडात आधार देणारे तंतू जास्त. वेलीचा भार मंडप उचलतो, त्यामुळे तिच्या लाकडात रुंद नळ्यांना जागा मिळते. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर तितक्याच दाबाला त्यातून 16 पट पाणी वाहते, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढतो. एक वर्षाच्या काडीचा पेन्सिलीएवढा तुकडा दोन्हीकडून स्वच्छ कापून तोंडाने फुंका, दुसऱ्या टोकातून हवा येते. धारदार चाकूच्या कापावर ही छिद्रे नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. रुंद नळीत हवा शिरली तर मोठी वाट बंद पडते, हा मात्र खरा धोका आहे, आणि त्यावरचा एक उपाय म्हणजे मुळांचा हाच दाब.

राहिली पेस्ट. आतून दाब असताना ओल्या कापावर लावलेली पेस्ट टिकत नाही, आणि टिकली तरी अन्न वाचत नाही, कारण तिथून अन्न जातच नव्हते. खोड आणि ओलांडे (खोडातून निघणाऱ्या आडव्या फांद्या) वाळवणाऱ्या बुरशी छाटणीच्या जखमांतून शिरतात, त्यासाठी मोठ्या कापांवर बुरशीनाशक पेस्ट जरूर लावावी. हे कारण वेगळे आहे. त्यासाठी पाऊस नसताना छाटणी करणे आणि काप कोरडा असताना पेस्ट लावणे जास्त महत्त्वाचे.

टपकणे थांबवण्यावर पैसा घालण्यापेक्षा उलट्या बाजूने पाहा. सगळ्या बागेत वाफसा (जमिनीतली ओल) सारखा असून, त्याच दिवशी छाटलेल्या शेजारच्या वेली टपकत असताना एखादी कोरडीच राहिली, तर तिच्या बुंध्याशी उकरून मुळे तपासा.