चौथ्या सीटवरून दिल्लीकडे

आपल्या मालकीची एक छोटी विमान कंपनी आहे, तिच्याकडे पंख्यांची चार-पाच एटीआर विमाने आहेत, ती नांदेड, कोल्हापूर, जळगाव अशा गावांना मोठ्या शहरांशी जोडतात आणि वर्षअखेरीस ताळेबंद मांडला तर चार पैसे शिल्लकही दिसतात, अशी जर आपली अवस्था असेल, तर प्रथम मी आपले मनापासून सांत्वन करतो. मुंबईत अशा नफ्याला प्रतिष्ठा नसते. नरिमन पॉइंटवरच्या एखाद्या समारंभात कोणी आपणास विचारतो, की आपली विमाने कुठे जातात, आणि आपण ‘नांदेडला’ असे उत्तर देताच तो गृहस्थ ‘वा, वा’ म्हणत चहाच्या टेबलाकडे वळतो. हा अपमान किती काळ सोसायचा? त्यावर उपाय एकच आहे. दीडशे-पावणेदोनशे आसनांची जेट विमाने भाड्याने आणावीत आणि मुंबई-दिल्ली मार्गावर उतरावे. हे कसे साधावे याविषयी काही सूचना पुढे केल्या आहेत. त्या पाळल्यास यश किती मिळेल ते सांगता येत नाही, परंतु नांदेडचे नाव पुन्हा घ्यावे लागणार नाही, एवढी हमी मी देतो.

आरंभ त्यागापासून करावा. आपले विमान लहान असल्यामुळे आपणास आजवर अनेक सवलती मिळत आल्या आहेत आणि स्वाभिमानी माणसाला त्या डाचल्या पाहिजेत. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत सेवेत विमानतळावर उतरण्याचे शुल्क माफ असते. ४० टनांहून हलक्या विमानांच्या इंधनावरील विक्रीकर वर्षानुवर्षे ४ टक्क्यांच्या घरात राहिला, तर मुंबईत जेटच्या इंधनावर २५ टक्के कर होता आणि २०२३च्या राज्य अर्थसंकल्पात तो १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मोठ्या कंपन्यांना हायसे वाटले. छोट्या गावांना विमानाने जोडण्याच्या सरकारी ‘उडान’ योजनेची तर आणखीच तऱ्हा. तासाभराच्या प्रवासाला काही आसनांपुरती भाड्याची मर्यादा (आरंभी ती २,५०० रुपये होती) घालून द्यायची, त्यातून येणारी तूट सरकारने भरून द्यायची आणि वर तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला फिरकू द्यायचे नाही, असा हा जावयासारखा पाहुणचार आहे. त्यासाठीचा निधी येतो तो मुख्य मार्गांवर उडणाऱ्या मोठ्या जेटांच्या प्रत्येक फेरीवरील आकारणीतून. म्हणजे दिल्लीला निघालेल्या प्रवाशाच्या खिशातून नांदेडकराचे तिकीट स्वस्त होते आणि मधल्या मध्ये आपले विमान चालते. मोठ्या जेटची पहिली फेरी सुटताच ही सगळी व्यवस्था आपल्यापुरती उलटी होते. काल ज्या निधीतून आपण घेत होता, त्याच निधीत आज आपण भर घालू लागता. प्रगती याहून निराळी काय असते?

(२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ची पहिली विमाने सुटली, त्यांत शिमला-दिल्लीबरोबर नांदेड-हैदराबादही होते. नांदेडचे माझे मामा ते पाहायला विमानतळाच्या कुंपणापर्यंत गेले होते आणि पुढे वर्षभर त्यांनी एसटीला नावे ठेवली. हा तपशील आपल्या व्यवसायाच्या आराखड्यात कुठेही बसत नाही, म्हणून कंसात लिहिला आहे.)

त्यागानंतर मुंबईच्या विमानतळावर स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळवावा लागतो. येथे परप्रांतीय सल्लागारांचा उपयोग होत नाही, कारण ही व्यवस्था गिरगावात ज्याचे बालपण गेले त्यालाच चटकन समजते. स्लॉट म्हणजे पागडीची खोली. ज्याच्या आजोबांनी ती घेतली, त्याच्या नातवाकडे ती राहते. मागच्या हंगामात ज्याने आपली वेळ नीट वापरली, त्याचा पुढच्या हंगामातही तिच्यावर पहिला हक्क असतो. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतल्या खोल्या कधीच्याच भरलेल्या आहेत आणि कोणी स्वखुशीने बाहेर पडेल, ही आशा गिरगावातही कोणी बाळगत नाही. शिवाय मुंबईला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. या एका धावपट्टीवर गर्दीच्या तासात ४६ विमानांची ये-जा होत असे. २०२४च्या आरंभी सरकारने ती ४४ वर आणली. म्हणजे आपण रांगेत उभे राहिलात तेव्हा चाळीतल्या दोन खोल्या पाडून टाकण्यात आल्या.

तरीही अर्ज करावा. आपणास काहीतरी मिळेलच. ती लोकलच्या डब्यातली चौथी सीट असेल. तिघे ऐसपैस बसलेले असतात, चौथ्याने कडेवर अर्धे अंग टेकवायचे असते आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायचे असते. दिल्लीला निघण्यासाठी आपणास दुपारी पावणेतीनची वेळ मिळेल आणि परतीसाठी रात्री साडेबाराची. ही वेळ प्रवाशांना फार सोयीची आहे, असे आपल्या जाहिरातीत लिहावे. १९ आसनी विमान घेऊन डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन नव्या अवतारात नाशिक आणि जळगावला जोडायला निघाली, तेव्हा तिचाही आरंभ मुंबईच्या स्लॉटपायी रखडला होता आणि २०२०च्या एप्रिलमध्ये ती थांबली. परंतु ती बिचारी नाशिकलाच निघाली होती. दिल्लीचे नाव काढल्यावर दारे आपोआप उघडतात, अशी समजूत आपण करून घ्यावी.

स्लॉट मिळाला तरी उतरायला मिळते असे नाही. मुंबईवर विमानांना सुमारे ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत आणि त्यात एकेका विमानाचे १.८ ते २.६ लाख रुपयांचे इंधन जळत असे, हा २०२४ साली विमान वाहतूक मंत्रालयानेच मांडलेला हिशेब आहे. आपल्या एटीआरला एवढ्या पैशांत नांदेड गाठता आले असते, अशा क्षुद्र तुलना करू नयेत. प्रवाशांना खिडकीतून पालघरचा किनारा तीनदा दिसतो, हे त्यांना विनामूल्य दिलेले पर्यटन समजावे.

आता दराकडे वळू. आपले प्रतिस्पर्धी कोण आहेत, ते एकदा नजरेखालून घालावे. त्यांतल्या एकाने, म्हणजे इंडिगोने, २०२३ च्या जून महिन्यात एका दमात ५०० विमानांची मागणी नोंदवली. दुसऱ्याने, म्हणजे एअर इंडियाने, त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांची. देशातला बहुतेक सगळा बाजार या दोन घरांत वाटलेला आहे. अशा लोकांशी आपण तीन जेट घेऊन दराची लढाई करणार, हे दृश्य मोठे स्फूर्तिदायक आहे आणि वर्तमानपत्रे त्यावर छायाचित्रासह बातमी करतील. बातमी कापून ठेवावी. पहिल्या आठवड्यात आपण २,४९९ रुपयांत दिल्ली जाहीर करावी. प्रतिस्पर्धी आपल्याशी भांडत नाही, शिवीगाळ करत नाही, निवेदनही काढत नाही. तो आपल्या उड्डाणाच्या तासभर आधीच्या आणि तासभर नंतरच्या, फक्त दोन फेऱ्यांचे दर २,३९९ करतो. दिवसातल्या त्याच्या उरलेल्या फेऱ्या पूर्वीच्याच दराने भरून जातात आणि त्या नफ्यातून या दोन फेऱ्यांचा तोटा त्याला चहापाण्यासारखा वाटतो. आपल्याकडे उरलेल्या फेऱ्या नाहीत. आपल्याकडे पावणेतीनचीच आहे.

येथे एक बारकावा सांगणे भाग आहे, कारण बहुतेक उत्साही मालक तो पहिल्या तोट्यानंतर शिकतात आणि मला वाटते, तोटा शिकण्याआधी व्हावा यात त्यांचे काहीसे समाधानच असते. मुंबई-दिल्ली मार्गावर जो पैसा आहे, तो आठवडाभर आधी तिकीट काढणाऱ्या काटकसरी कुटुंबाकडून येत नाही. तो बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, त्या अधिकाऱ्याकडून येतो, जो आदल्या रात्री तिकीट काढतो, सकाळी सहाला निघतो, दिल्लीत दोन बैठका उरकतो आणि बैठक लवकर संपली तर पाचच्या ऐवजी तीनच्या विमानाने परततो. तो आसन विकत घेत नाही, वेळ बदलण्याची मुभा विकत घेतो. ज्या कंपनीची दर तासाला फेरी आहे तिलाच तो पैसे देतो आणि ज्या कंपनीची दिवसाला एक फेरी आहे, तिचे नावही त्याच्या कार्यालयातल्या तिकीट काढणाऱ्या मुलाला ठाऊक नसते. त्याला आकर्षित करण्यासाठी आपण गरम उपमा द्यावा. उपमा चांगला असावा. तो न खाताही माणूस दुसऱ्याच विमानाने जाईल, पण आपण आपल्या बाजूने कसूर केली नाही, एवढे म्हणता येईल.

काही कुत्सित लोक आपणास इतिहासाचे दाखले देतील. नव्वदच्या दशकात याच मुंबईतून ईस्ट-वेस्ट आणि दमानिया या विमान कंपन्या उडाल्या आणि दशक संपण्याआधीच उतरल्या, असे ते म्हणतील. पॅरामाउंटने मदुराई-चेन्नईकडे ७०-७५ आसनांची एम्ब्रेअर जेट आणली, तेव्हा कमी आसनांमुळे मिळणाऱ्या सवलती हाच तिच्या गणिताचा पाया होता, आणि तरीही २०१० मध्ये विमानांच्या मालकांशी वाद होऊन ती बंद पडली, हेही सांगतील. विजयवाड्याच्या एअर कोस्टाचे उदाहरण मात्र मला स्वतःला फार प्रिय आहे. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी विमाने असताना तिने २०१४ मध्ये ५० नव्या जेटची मागणी नोंदवली आणि २०१७च्या फेब्रुवारीअखेर भाडे थकल्यामुळे तिची होती ती विमानेही जमिनीवर आली. महत्त्वाकांक्षेत या माणसांनी कंजुषी केली नाही, हे कबूल केलेच पाहिजे. आणि कॅप्टन गोपीनाथांची पहिली एअर डेक्कन? २००३ मध्ये ४८ आसनी पंख्यांच्या विमानाने हुबळीसारख्या गावाला जाणारी ही कंपनी वर्षभरातच एअरबस घेऊन बेंगळुरू-दिल्ली मार्गावर गेली, तिने एक रुपयाला तिकीट विकले, लक्षावधी माणसांना पहिल्यांदा विमानात बसवले आणि २००७-०८ मध्ये ती किंगफिशरच्या पोटात गेली, जी स्वतः २०१२ मध्ये थांबली. हे वाचताना मला उपरोध सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

वैमानिकांविषयी थोडक्यात सांगतो. ते आपण घडवावेत, त्यांना जेटचे प्रशिक्षण स्वखर्चाने द्यावे आणि ते शिकून तयार झाले, की शेजारची मोठी कंपनी त्यांना घेऊन जाते. कॅप्टनला वर्षभराची पूर्वसूचना द्यावी लागते, असा २०१७ पासूनचा नियम आहे. त्या वर्षात तो आपल्याच विमानात सराव करतो.

राहिला प्रश्न जुन्या गावांचा. तेथील सेवा ‘बंद’ करू नये, तो शब्द अमंगळ आहे. ‘परिचालनविषयक कारणांस्तव तात्पुरती स्थगित’ असे लिहावे. प्रथम आठवड्यातून सातच्या चार फेऱ्या कराव्यात, मग चाराच्या दोन, आणि त्या दोनही अशा कराव्यात, की त्या निघतील की नाही हे विमानतळावर पोहोचल्यावरच कळेल, म्हणजे प्रवासी आपण होऊन येणे थांबवतात आणि मागणीच नाही, असे आपणास प्रामाणिकपणे सांगता येते. मामेबहिणीच्या लग्नासाठी निघालेल्या आम्हा सहा जणांना एका कंपनीने असाच प्रामाणिक संदेश पहाटे चार वाजता पाठवला होता. तेव्हा देवगिरी एक्सप्रेसच्या आरक्षणाची प्रतीक्षायादी दोनशेच्या पुढे गेली होती आणि अक्षता पडल्या तेव्हा आम्ही एसटीत, परभणीच्या अलीकडे होतो. त्या कंपनीने पैसे मात्र परत केले, सात महिन्यांनी.

शेवटी भाडेपट्टा. जेट विमाने आपली नसतातच, ती परदेशी मालकांची असतात आणि त्यांचे भाडे डॉलरमध्ये, महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते, मग प्रवाशाने रुपये दिलेले असोत वा नसोत. करार करताना अनेक कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक कागद सहीसाठी पुढे येतो, ज्यान्वये भाडे थकल्यास विमानाची भारतातील नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार आपण आधीच मालकाला देऊन टाकता. त्यावर सही करताना पेन चांगले वापरावे, कारण संपूर्ण व्यवहारातला तेवढाच एक कागद पुढे शब्दशः अमलात येण्याची शक्यता असते. गो फर्स्ट ही विमान कंपनी २०२३च्या मे महिन्यात थांबली, तेव्हा दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली तिची विमाने वर्षभर अडकून राहिली; मधल्या काळात नियम बदलले आणि २०२४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती विमाने मालकांना परत मिळू लागली. आपल्या वेळी इतका उशीर होऊ नये.

मालकांची माणसे येईपर्यंत मात्र विमाने मुंबईतच उभी राहतील. धावपट्टीपासून दूर, गवताच्या कडेला, इंजिनांना आवरणे घालून. ज्या विमानतळावर आपणास पावणेतीनची वेळ मुश्किलीने मिळाली, तेथे आता चोवीस तासांची जागा आपल्या नावावर असेल आणि तिचे भाडे तासागणिक चढत राहील. ती पाहायला चेंबूर किंवा कुर्ल्याकडची मुले गच्चीवर येतील. नरिमन पॉइंटवरच्या समारंभात आपणास कोणी विचारले, तर आपली विमाने मुंबईत आहेत, असे आता नि:संकोच सांगता येईल.

नांदेडच्या मामांचा फोन अधूनमधून येतो. वय झाले आहे, प्रकृतीच्या तक्रारी सांगून झाल्या, की ते हटकून विचारतात, ‘काय रे, तुमच्या ममईचं इमान परत कधी येणार हाय?’