पाय दुखत नाहीत म्हणजे बरे आहेत?

आत्याच्या नावापुढे आज 'शारीरिक त्रास अजिबात नाही' अशी नोंद झाली. सकाळपासून धुमसतेय मी.

आत्या सत्तरी ओलांडलेली, शुगर जुनी, शाळा दुसरीपर्यंत. ओपीडीत एक मुलगा जीवनमानाची, म्हणजे जगणं कितपत बरं चाललंय ते गुणांत मोजणारी, प्रश्नावली भरून घेत होता. जागतिक आरोग्य संघटनेची, २६ प्रश्नांची; गेले दोन आठवडे आठवायचे आणि पाचांतला एक पर्याय सांगायचा. दुखण्यामुळे कामं किती अडतात? आत्या म्हणाली, "पाय दुखतच नाहीत रे माझे." झालं, टिक करून पुढचा प्रश्न.

अरे, दुखत नाहीत कारण ते बधिर झालेत! चालताना चप्पल पायातून सुटते आणि तिला पत्ता नसतो. शुगरने नसा गेल्या की असंच होतं, मग जखम झालेलीही कळत नाही. पण हे तिला कधी कुणी समोर बसवून सांगितलंय? तिच्या लेखी हे वय. रात्री चारचारदा लघवीला उठणं, तेही वय. त्यापायी लग्नकार्यं सोडली, तेही वयच. शुगर म्हणजे गोड बंद आणि सकाळची गोळी, एवढंच तिच्यापर्यंत पोचलंय. मग आजाराने जगणं किती आकसलंय ते ती कशाच्या जोरावर सांगणार? ज्याला आजार कळला त्याचे गुण कमी, ज्याला काहीच कळलं नाही तो कागदावर सुखी!

सगळ्यांना त्याच शब्दांत विचारलं नाही तर तुलना होत नाही, हे मान्य. पण काही प्रश्नांत पहिला पर्याय चांगला आणि बाकीच्यांत पाचवा, हे आत्याने कसं सांभाळायचं?

त्या मुलावर राग नाही. मागे ही रांग होती, आणि बोलत होता तो मायेनेच. शेवटी आत्याच त्याला म्हणाली, "सगळं चांगलंच लिही बाळा, डॉक्टर देवमाणूस आहेत." घरी येताना मला हळूच विचारलं, "वाईट सांगितलं असतं तर गोळ्या बंद केल्या असत्या का गं?" पोटात तुटलं माझ्या.

इथे अशा सर्वेक्षणांत काम करणारे बरेचजण आहात. पायाला बारीक तंतू टेकवून संवेदना तपासायला काही मिनिटं लागतात. आधी तेवढं करा. आणि पहिला प्रश्न विचारण्याआधी, उत्तर काहीही दिलं तरी औषध मिळणारच, हे त्यांना स्पष्ट सांगा.