झाडं, एसी, ओझोन: 'घरातली हवा शुद्ध ठेवा' मेसेजला उत्तर

'घरातली हवा शुद्ध ठेवण्याचे ५ उपाय' हा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच: बाहेर प्रदूषण असतं म्हणून खिडक्या बंद ठेवा, एसी लावा, बेडरूममध्ये झाडं ठेवा, हवा साफ करायला ओझोनचं मशीन घ्या, असं त्यात म्हटलंय. आधी दोनदा आला तेव्हा मी सोडून दिला, पण परवा मावशीचा फोन आला की तिने सगळ्या खिडक्या बंद केल्यात आणि ओझोनचं मशीन मागवलंय. मावशीला दमा आहे, त्यामुळे आता लिहिणं भागच आहे.

एसी हवा शुद्ध करतो म्हणे. अहो, स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो, भिंतीतून बाहेर जातात त्या गॅसच्या नळ्या, त्यातून हवा येत-जात नाही. पुढचं झाकण उघडून जाळी काढून बघा, धूळ आणि केसांची गोधडी निघेल. तेवढंच अडतं तिथे, धुराचे बारीक कण आणि विषाणू आरपार जातात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझोऊच्या एका रेस्टॉरंटमध्ये जवळजवळच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतल्या १० जणांना कोविड झाला. एसी मस्त चालू होता, ताजी हवा मात्र जवळजवळ नव्हतीच.

आता सगळ्यांची लाडकी झाडं. 'नासाने सिद्ध केलंय, बेडरूममध्ये तीन स्नेक प्लांट ठेवा.' नासाने १९८९ मध्ये अभ्यास केला होता हे खरंय, पण तो छोट्या सीलबंद पेट्यांमध्ये, आणि तुमची बेडरूम पेटी नाही, दाराच्या फटीतूनसुद्धा तिथे हवा बदलते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे १२ अभ्यास, त्यातले १९६ प्रयोग घेऊन गणित मांडलं, तर इमारतीत एरवी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. म्हणजे १० चौरस मीटरच्या खोलीत कमीत कमी १००. झोपायचं कुठे? शिवाय एवढ्या कुंड्यांना पाणी घातलं की ओल, ओलीला बुरशी, आणि दम्याच्या माणसाला बुरशी म्हणजे आणखी त्रास. 'रात्री ऑक्सिजन देतं' हेही चूक, स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं एवढंच, ऑक्सिजन सुटतो तो उजेडातच. दिसायला छान दिसतं, ठेवा की एखादं.

'बंद खोलीत ऑक्सिजन संपतो म्हणून डोकं जड होतं', तेही नाही. दोघं जण दार-खिडक्या लावून झोपले तर कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) सहज २००० वर जातो, पण टक्क्यांत बघा, ऑक्सिजन २०.९ वरून फार तर २०.७ वर येतो. कार्बन डायऑक्साइडच्या वाढलेल्या आकड्याचा अर्थ एवढाच की सोडलेला श्वास आणि त्यासोबतचं बाकी सगळं खोलीतच साचतंय. म्युनिकच्या पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ मध्येच खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडसाठी १००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती!

ओझोनच्या मशीनवर मात्र राग येतो. 'पावसानंतरच्या जंगलासारखी हवा' म्हणे. ओझोन फुप्फुसाला त्रास देणारा वायू आहे, दमा भडकवतो, आणि सुरक्षित प्रमाणात सोडला तर हवा साफ करण्याच्या कामाचाच नाही हे अमेरिकेची पर्यावरण संस्था कित्येक वर्षं सांगतेय. वर लिंबाच्या वासाच्या फिनेलसारख्या वस्तूंशी त्याची प्रक्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होतं ते वेगळंच. मावशी, ते खोकंसुद्धा उघडू नकोस.

राहिलं 'बाहेर प्रदूषण असतं'. बरं, हे अर्धं खरंय. धूर-धूळ असलेल्या दिवशी खिडकी लावून हेपा फिल्टरचा प्युरिफायर लावा, तो बारीक कण धरतो. पण कार्बन डायऑक्साइड तो काढत नाही, म्हणून हवा बरी असेल त्या वेळी समोरासमोरच्या खिडक्या थोडा वेळ उघडा आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा. तो ओढतो की नुसता आवाज करतो हे बघायचं तर टिश्यू पेपर जाळीशी धरा, चिकटून राहिला पाहिजे, खाली पडला तर जाळी धुवा.